अर्थसीतील जादूविद्या

अर्थसी या काल्पनिक द्वीपसमूहातील निरनिराळ्या लोकांच्या जादूच्या परंपरा. अमेरिकन लेखिका अर्सुला के. ल ग्विन (१९२९–२०१८) यांनी हे जग निर्माण केले. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन लघुकथांत ते प्रथम दिसते. पुढे ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) ते ‘दि अदर विंड’ (२००१) या पाच कादंबऱ्यांत आणि ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’ (२००१) या कथासंग्रहात त्याचा विस्तार झाला. ल ग्विन यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे नामवंत मानवशास्त्रज्ञ होते, आणि ल ग्विन यांचा स्वतःचा ताओ विचाराचा व्यासंग होता. अर्थसीतली जादू सर्वत्र सारखी नाही. प्रत्येक समाजाच्या भाषेशी, धर्माशी आणि मृत्यूविषयीच्या कल्पनांशी ती बांधलेली आहे.

तत्त्व : सेगॉय या आद्य निर्मात्याने वस्तूंची नावे उच्चारून समुद्रातून बेटे वर आणली, अशी अर्थसीतील उत्पत्तिकथा आहे. ही नावे ज्या आदिभाषेतली आहेत, तिच्यातले नाव आणि वस्तू वेगळी काढता येत नाहीत. त्यामुळे एखाद्याचे खरे नाव ज्याला कळले, त्याची त्याच्यावर सत्ता चालते. द्वीपसमूहातील बहुसंख्य असलेल्या हार्डिक लोकांत मुलामुलींना वयात येताना मांत्रिक किंवा चेटकीण खरे नाव देते. ते अगदी विश्वासातल्या माणसालाच सांगायचे असते. एरवी टोपणनावाने व्यवहार चालतो. कथानायक गेड हा चारचौघांत ‘ससाणा’ या अर्थाच्या नावानेच ओळखला जातो.

हार्डिक लोकांची मंत्रविद्या : द्वीपसमूहाच्या बहुतेक बेटांवर हार्डिक भाषा बोलणारे तांबूस-सावळे लोक राहतात. त्यांच्या विद्येचे केंद्र रोक बेटावरील गुरुकुल होय. तेथे नऊ गुरू असतात. वारा-पाऊस, नजरबंदी, वनौषधी, गाथागायन, रूपांतर, आवाहन, नामविद्या आणि सृष्टीच्या घडणीचे ज्ञान ही त्यांपैकी आठांची क्षेत्रे, नववा द्वारपाल. नामगुरूच्या एकाकी बुरुजात विद्यार्थी आदिभाषेतील नावांच्या लांबलचक याद्या पाठ करतात.

नजरबंदी आणि खरे रूपांतर यांतला भेद या विद्येत मूलभूत मानला जातो. नजरबंदीचा गुरू गेडसमोर एका खड्याचा हिरा करून दाखवतो; पण खड्याचे आदिभाषेतले नाव ‘टोल्क’ तेच राहते, म्हणून तो खडाच असतो. त्याला खरोखर हिरा करायचे तर नाव बदलावे लागेल, आणि तेवढ्याने जगाचा तोल ढळेल. म्हणूनच जाणते मांत्रिक हवामानातही सहसा हात घालत नाहीत. एका बेटावर मागवलेला पाऊस दुसऱ्या बेटावर अवर्षण ठरू शकतो. रूपांतराचा धोका करणाऱ्यालाच असतो. अस्वलाचे रूप वारंवार घेणारा एक मांत्रिक शेवटी अस्वलच झाला आणि त्याने स्वतःच्या मुलाला मारले. गेड स्वतः ससाण्याच्या रूपात दीर्घकाळ उडत राहून माणूसपण विसरू लागतो. त्याचा गुरू ओजियन त्याला ओळखतो आणि पूर्वरूपात आणतो.

गावठी चेटूक : खेड्यांतल्या चेटकिणी आणि किरकोळ मंत्र जाणणारे लोक जनावरांचे आजार, बाळंतपण, हरवलेल्या वस्तू, फुटकी भांडी अशी कामे करतात. गेडची मावशी अशीच होती. तिच्या तोंडून ऐकलेला मंत्र म्हणताच शेळ्या त्याच्याभोवती दाटीवाटीने गोळा झाल्या आणि हलेनात, हा त्याचा पहिला प्रयोग. रोकचे मांत्रिक बायकांच्या जादूला दुबळी आणि दुष्ट समजतात. प्रत्यक्षात गुरुकुलाच्या स्थापनेत स्त्रियांचा मोठा वाटा होता आणि त्यांना नंतर बाहेर ठेवण्यात आले, असे ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’मध्ये दाखवले आहे.

पाल्नची विद्या आणि भूमीच्या शक्ती : पाल्न बेटाची परंपरा मृतांच्या आवाहनासाठी कुप्रसिद्ध असून रोकमध्ये तिच्याकडे संशयाने पाहिले जाते. यांशिवाय आदिभाषेने न बांधल्या जाणाऱ्या प्राचीन भूशक्ती आहेत. ऑस्किल बेटावरील टेरेनॉन ही शिळा अशांपैकी एक. ज्ञानाचे आमिष दाखवून ती माणसाला गुलाम करते. मात्र या शक्ती सर्वत्र घातक नाहीत. ओजियनचा गुरू एका स्त्रीकडून परंपरेने आलेल्या भूविद्येच्या आधारेच गाँट बेटावरील बंदराचे भूकंपापासून रक्षण करतो.

करगाद लोक : पूर्वेकडील चार बेटांवरचे हे गोरे लोक मंत्रविद्या पाप मानतात, लेखनालाही ते काळी विद्या समजतात. त्यांच्यात गुप्त नाव ठेवण्याची चाल नाही. ते जुळ्या देवांची आणि देवराजाची पूजा करतात. आतुआन येथील थडग्यांच्या स्थानी अनाम शक्तींची सेवा होते. तेथील मुख्य पुजारीण दरवेळी पुन्हा जन्म घेते अशी श्रद्धा आहे. टेनार या मुलीचे नाव काढून घेऊन तिला ‘आर्हा’, म्हणजे गिळलेली, केले जाते. ‘द टूम्ब्ज ऑफ आतुआन’ (१९७१) ही कादंबरी तिचीच आहे.

ड्रॅगन : पश्चिमेकडील ड्रॅगनांची आदिभाषा ही जन्मभाषा आहे. त्यांना मंत्र शिकावे लागत नाहीत. बोलणे हीच त्यांची जादू. माणूस आदिभाषेत असत्य बोलू शकत नाही, ड्रॅगन मात्र शब्द फिरवू शकतात. तरीही नावाचा नियम त्यांनाही लागू आहे. पेंडोर बेटावरच्या येवॉड या ड्रॅगनला गेड त्याचे नाव उच्चारूनच रोखतो.

परस्परसंबंध : या भेदांचा उलगडा ‘दि अदर विंड’मध्ये होतो. माणसे आणि ड्रॅगन मूळचे एकच. ड्रॅगनांनी स्वातंत्र्य निवडले, माणसांनी मालकी आणि कारागिरी. त्या वाटणीत माणसांनी आदिभाषा सोडायची होती. करगादांनी ती सोडली आणि ते पुनर्जन्माच्या चक्रात राहिले. हार्डिक मांत्रिकांनी ती ठेवून घेतली आणि अमरत्वासाठी ड्रॅगनांच्या प्रदेशाचा तुकडा बळकावला. तीच मृतांची रुक्ष भूमी. तिला दगडी कुंपण आहे. ते पाडण्यासाठी रोकचे गुरू, पाल्नचा मांत्रिक, करगाद स्त्रिया, ड्रॅगन आणि फुटकी भांडी सांधणारा आल्डर हा खेडूत अशा साऱ्यांना एकत्र यावे लागते. त्यांपैकी कोणत्याही एका परंपरेला वाटणीचा संपूर्ण वृत्तान्त ठाऊक नसतो.