टोपणनावांचं कोडं



माझी नात टोरंटोला असते. दर रविवारी फोनवर ती मला तिथल्या इंग्रजी शब्दकोड्यातला एखादा शब्द घालते. आजोबांच्या डोक्याला गंज चढू नये, हा हेतू! परवाचा प्रश्न असा: कॅनडाच्या माणसाचं बोलीतलं नाव, अक्षरं सहा. माझं बी.ए. मराठी माध्यमातलं, मी हरलो. उत्तर होतं 'कनक'. म्हटलं, "अगं, आमच्या कोड्यात याला तीनच घरं पुरतील. उलटं वाचलं तरी तेच, आणि अर्थ सोनं!"

मग वाचत बसलो. शब्दकोडं तसं अलीकडचं. २१ डिसेंबर १९१३ च्या रविवारी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्रात आर्थर विन यांनी पहिलं कोडं छापलं. इंग्रजी कोडेकारांना टोपणनावं फार प्रिय, कारण ती नेमकी घरात बसतात. कॅनडात १९८७ साली एक डॉलरचं नाणं आलं. त्यावर लून नावाचा पाणपक्षी, म्हणून लोक नाण्यालाच 'लूनी' म्हणू लागले. १९९६ साली दोन डॉलरचं आलं, ते 'टूनी'!

'कनक'ची गोष्ट मात्र निराळी. अमेरिकेत हा शब्द फ्रेंच बोलणाऱ्या कॅनेडियन लोकांना हिणवायला वापरत. कॅनडाच्या लोकांनी तो हसत उचलला. व्हँकुव्हरच्या हॉकी संघाचं नावच 'कनक्स' आहे.

आपली मराठी कोडीही अशीच चालतात. 'शतपत्रे' लिहिणारे, घरं सहा: लोकहितवादी. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, घरं चार: बालकवी. हे नाव त्यांना १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात मिळालं, तेही कौतुकानं. आमच्या भागातलं सांगायचं तर गोदावरी परुळेकर, घरं चार: गोदाराणी. १९४५ साली वेठबिगारीविरुद्ध उठलेल्या वारल्यांनी दिलेलं हे नाव.

आता माझी गोष्ट. नोकरीत असताना शनिवारी शेवटच्या तासाला मी फळ्यावर कोडं काढत असे. मुलं खूष! एकदा गंमत म्हणून वर्गातली टोपणनावं घातली. एक आडवा शब्द होता, 'मागच्या बाकावरचा, घरं तीन'. उत्तर: जंगल्या. आमच्याकडे किनाऱ्याची ती बंदरपट्टी आणि डोंगराकडची जंगलपट्टी. तो मुलगा जंगलपट्टीतून चालत येई. बंदरपट्टीच्या पोरांनी ते नाव पाडलं होतं, मी फक्त चौकटीत बसवलं. सगळा वर्ग एका सुरात ओरडला आणि मागे वळून हसला. तोही हसला, म्हणून मला काही खटकलं नाही.

पुढच्या शनिवारी त्याची वही कोरी होती. त्याच्या पुढच्याही. मी विचारलं नाही. वर्ष संपलं, तो पुन्हा शाळेत आला नाही. कारणं दहा असतील, पण फळ्यावरचं ते अक्षर माझं होतं.

निवृत्तीनंतर बोईसर स्टेशनवर एका जुन्या विद्यार्थ्यानं हाक मारली, "फुलीमास्तर!" आणि जीभ चावली. चुकीच्या उत्तरावर मी मोठी लाल फुली मारायचो ना, त्यावरून पाठीमागे हे नाव होतं म्हणे. मला हसू आलं, आवडलंसुद्धा. पण मी मास्तर होतो, हातात खडू माझ्या होता. मला ते नाव हसत उचलता आलं. त्या मुलाला हसण्यावाचून दुसरं करता काय येणार होतं?

असो. नातीला काल आमच्याकडचं एक कोडं घातलं: १४ ऑगस्ट १९४२ च्या गोळीबारात पालघरला पाच जण हुतात्मा झाले, त्यांची आठवण सांगणारा गावातला चौक, घरं चार. तिनं अर्धा तास घेतला. शेवटी तिच्या आईनंच मागून सांगितलं, "पाचबत्ती!"

हे नाव घरात लिहिताना हात अडखळत नाही.