आधी हळद, मग पेशी

दोन काचेच्या पेल्यांत चिमूटभर हळद घ्या. एकात पाणी ओता, दुसऱ्यात सर्जिकल स्पिरिट. अंधार करून नोटा तपासायची जांभळी बॅटरी दोन्हींवर मारा. स्पिरिटचा पेला पोपटी उजळतो, पाण्याचा मरगळलेलाच राहतो. हळद पाण्यात नीट विरघळत नाही हे एक कारण. पण तेवढेच नाही. हळदीतल्या कर्क्युमिनचा रेणू पाण्यात घेतलेली बहुतेक ऊर्जा उष्णतेत घालवतो. स्पिरिटमध्ये किंवा प्रथिनाच्या तेलकट खोबणीत शिरला, की तिच्यातला पाण्यातल्यापेक्षा बराच जास्त वाटा प्रकाश म्हणून परत करतो. याला पुस्तकात प्रतिदीप्ती म्हणतात, प्रयोगशाळेत सगळे फ्लुरोसन्सच म्हणतात. जागा पाहून उजळणारे रंग हा या पुस्तकाचा अर्धा विषय. सांगलीची हळदपेठ शेजारी असलेल्या कोल्हापूरकराला त्याची ओळख घरातच व्हावी, हे बरेच झाले.

कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ 1962 साली स्थापन झाले. त्याच वर्षी ओसामु शिमोमुरा यांनी जेलीफिशमधून हिरवे चमकणारे प्रथिन वेगळे केल्याचे प्रसिद्ध झाले. पुढे चाल्फी आणि त्सिएन यांच्यासह त्यांना 2008 चे नोबेल मिळाले. या प्रथिनाने पेशीत कोण कुठे आहे ते दाखवले. कोण कोणाला धरून आहे, हे मात्र नुसत्या चमकण्यावरून कळत नाही. साध्या सूक्ष्मदर्शकाला दोनशे नॅनोमीटरच्या आतले दोन ठिपके एकच दिसतात. पन्हाळ्यावरून पाहिले तर रंकाळ्याच्या काठावरची दोन माणसे शेजारीच दिसणार. ती बोलताहेत की पाठ फिरवून उभी आहेत, कसे सांगणार? त्यासाठी फर्स्टर यांनी 1948 साली मांडलेले गणित उपयोगी पडते. एका रंगाकडून दुसऱ्याकडे ऊर्जा थेट जाते, पण अंतर एक ते दहा नॅनोमीटरचे असेल तरच. अंतर दुप्पट झाले की या देवाणीचा वेग चौसष्टावा भाग उरतो. एवढी कडक मोजपट्टी दुसरी मिळणे कठीण.

पाहणे झाले. पण दोन प्रथिने एकत्र आल्यामुळेच पेशी विभागली, हे सिद्ध करायचे तर ती आपल्या हाताने एकत्र आणावी लागतात. 1993 साली श्रायबर आणि क्रॅबट्री यांच्या गटांनी त्यासाठी दुतोंडी रेणू वापरला. नंतर रॅपामायसिन रूढ झाले: ईस्टर बेटाच्या मातीतल्या जीवाणूपासून मिळालेले हे औषध दोन ठरावीक प्रथिनांना एकाच वेळी धरते. त्यांना आपल्याला हवी ती प्रथिने जोडली, की औषध टाकताच काही मिनिटांत सोयरीक जुळते. अडचण एवढीच की हा मध्यस्थ घरात स्वतःचाही कारभार करतो. पेशीची वाढ रोखतो. म्हणून त्याचे बदललेले भाऊबंद आले.

सोयरीक हव्या त्या जागी, हव्या त्या क्षणी जुळावी, तर रेणूच्या तोंडावर प्रकाशाने तुटणारे झाकण बसवतात. किरणोत्सवात अंबाबाईच्या पायांपर्यंत किरण पोचतात की ढग आडवे येतात, हे श्वास रोखून पाहणाऱ्यांना प्रकाशाच्या वेळेचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पेशीत अडचण उलटी असते: जांभळा प्रकाश जास्त पडला तर पेशीच भाजते. लाल प्रकाशाला उघडणारी झाकणे म्हणूनच मोलाची.

आता पुन्हा रंगांकडे. चमकणाऱ्या प्रथिनाऐवजी छोटे कृत्रिम रंग वापरले म्हणजे प्रथिनावरचे ओझे टळते, असा समज आहे. तो अर्धवट. रंग चिकटवायला बहुतेक वेळा हॅलोटॅगसारखे प्रथिन जोडावे लागते. लाभ आहे तो हवा तो रंग निवडण्याचा.

आणि हळदीचा धडा विसरू नका. कर्क्युमिन इतक्या चाचण्यांत ‘गुणकारी’ ठरले, की 2017 साली औषधी-रसायनशास्त्राच्या एका गाजलेल्या आढाव्याने त्यावर कठोर टीका केली. त्यातल्या काही चाचण्यांत उजेड प्रथिनाचा नव्हताच, रंगाचा स्वतःचा होता. म्हणून या पुस्तकातल्या प्रत्येक प्रयोगात रंग न टाकलेला आणि जोडीदार नसलेला, असे दोन कोरे नमुने ठेवले आहेत. विद्यार्थी नेमके तेच वगळतात.

दुसरे प्रकरण उघडण्याआधी पेल्यांचा प्रयोग करून पाहा. स्पिरिट गॅसपासून लांब ठेवा, बॅटरी कुणाच्या डोळ्यांवर मारू नका, आणि तिसऱ्या पेल्यात हळद न टाकता नुसते स्पिरिट घ्या.