नाताळच्या सुट्टीत कुटुंबासह अंदमान: बुकिंगआधी या गोष्टी माहीत असू द्या

दिवाळी संपली की फॅमिली ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो, “डिसेंबरात कुठं जायचं?” कुणी गोवा म्हणतं, कुणी कोकण. मग कुणीतरी निळ्याशार पाण्याचा एक रील टाकतं आणि सगळ्यांचं एकमत होतं, यंदा अंदमान!

मुलांना नाताळची सुट्टी, आई-बाबांना थोडी रजा, आजी-आजोबांना विमानाचा प्रवास. बेत उत्तम आहे. पण बहुतेक कुटुंबं अंदमानचा प्लॅन गोव्यासारखा करतात आणि तिथंच फसतात. गोव्यात एखादा रस्ता बंद झाला तर दुसरा असतो. अंदमानात दोन बेटांच्या मध्ये समुद्र असतो, आणि बोट सुटणार की नाही हे समुद्रच ठरवतो. म्हणूनच ही माहिती तिकीट काढायच्या आधी वाचा.

आधी नावांचा गोंधळ सोडवूया

नकाशावर, तिकिटावर आणि लोकांच्या तोंडी वेगवेगळी नावं दिसतील. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं नाव स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉस आयलंडचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये राजधानी पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजयपुरम करण्याची घोषणा झाली. जुनी नावं अजून सर्रास वापरात आहेत, म्हणून या लेखातही तीच ठेवली आहेत.

इथं आठशेहून जास्त बेटं, बेटुकली आणि खडक आहेत, पण माणसं राहतात ती जेमतेम तीसेक बेटांवर. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नील इथं भारतीय पर्यटकांना वेगळा परवाना लागत नाही, ओळखपत्र मात्र प्रत्येकाचं हवं. निकोबारची बेटं पर्यटकांसाठी खुली नाहीत. त्यामुळे “अंदमान-निकोबार टूर” असं पॅकेजवर लिहिलेलं असलं तरी तुम्ही बघणार ते अंदमानच.

डिसेंबर चांगला महिना आहे का?

हो, पण एक अट आहे. नैऋत्य मोसमी पाऊस गेल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वारे वाहतात आणि बंगालच्या उपसागरात याच दिवसांत चक्रीवादळं तयार होतात. नाताळपर्यंत हवा बऱ्यापैकी उघडते, पण खात्री देता येत नाही.

याचं एक उदाहरण डिसेंबर २०१६ चं आहे. पुढे ‘वरदा’ चक्रीवादळ झालेली कमी दाबाची प्रणाली अंदमानजवळ आली, फेऱ्या बंद पडल्या आणि हॅवलॉक-नीलवर पर्यटक अडकले. नौदल, तटरक्षक दल आणि हवाई दलाच्या मदतीने दोन हजारांहून जास्त लोकांना बाहेर काढावं लागलं. अडकलेल्यांत लहान मुलंही होती आणि वयस्कर माणसंही.

यातून घ्यायचा धडा सोपा आहे. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री हॅवलॉक किंवा नीलवर राहू नका. ती रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढा. शक्य असेल तर एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. हवा चांगली राहिली तर तो दिवस वाया जात नाही, रॉस आयलंड बघून होतं.

किती दिवस, किती बेटं?

सहा रात्री असतील तर कुटुंबासाठी असा क्रम जमतो:

- पहिला दिवस: पोर्ट ब्लेअर, दुपारी सेल्युलर जेल
- दुसरा आणि तिसरा: हॅवलॉक
- चौथा: नील
- पाचवा: नीलहून पोर्ट ब्लेअरला परत
- सहावा: राखीव दिवस
- सातवा: विमान

पाच दिवसांत पाच बेटं दाखवणारी पॅकेजं असतात. त्यात निम्मा वेळ जेट्टीवरच्या रांगेत जातो आणि आजी-आजोबांचे हाल होतात.

हॅवलॉक पोर्ट ब्लेअरपासून साधारण ४० किलोमीटरवर आहे. खासगी बोटीने दीड-दोन तास, सरकारी फेरीने त्याहून जास्त वेळ लागतो. नाताळ ते नववर्ष हा गर्दीचा आठवडा, म्हणून हॉटेल ठरवण्याआधी बोटीची तिकिटं मिळतायत का ते बघा. ज्यांना बोट लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी सोबत ठेवावी आणि ती बोटीत बसण्याआधी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

मोठं सरकारी रुग्णालय पोर्ट ब्लेअरला आहे. छोट्या बेटांवर प्राथमिक उपचार मिळतात. रक्तदाब, मधुमेहाची औषधं दोन-तीन दिवस पुरून उरतील इतकी न्या आणि ती हातातल्या बॅगेत ठेवा.

पाच वाजताच अंधार?

पहिल्या संध्याकाळी सगळ्यांना हा धक्का बसतो. डिसेंबरअखेर पोर्ट ब्लेअरला सूर्य संध्याकाळी पाचच्या सुमारास मावळतो, म्हणजे मुंबईपेक्षा तासभर आधी. घड्याळ सगळ्या देशाचं एकच, पण अंदमान खूप पूर्वेला आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावर ठरते, पोर्ट ब्लेअर आहे ९२.७ अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं धरली तर सूर्य तिथं घड्याळाच्या ४० मिनिटं पुढे चालतो.

म्हणून दिवस सकाळी सहालाच सुरू करा. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावरचा सूर्यास्त बघायचा असेल तर चारला तिथं पोहोचलेलं बरं. भरती-ओहोटीची वेळही हॉटेलवाल्याला विचारा. नीलचा नैसर्गिक दगडी पूल ओहोटीलाच नीट बघता येतो.

मुलांना पाण्यात सोडायचं का?

सोडा, पण फलक वाचून. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये राधानगरजवळच्या एका खाडीसारख्या भागात मगरीच्या हल्ल्यात एका परदेशी पर्यटक तरुणीचा मृत्यू झाला होता. जिथं पोहायला मनाई लिहिली आहे, ओढा समुद्राला मिळतो किंवा खारफुटी आहे, तिथं पाण्यात उतरू नका. जीवरक्षक असतील त्याच पट्ट्यात आणि उजेड असेपर्यंतच पोहा.

स्कूबा डायव्हिंगसाठी साधारणपणे किमान वय दहा वर्षं धरतात. दमा, हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. डाईव्हनंतर निदान १८ तास विमानप्रवास टाळा, कारण शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. म्हणजे स्कूबा सहलीच्या सुरुवातीला, शेवटच्या दिवशी नाही.

रील काढण्याआधी थांबा

*प्रवाळ आणि शंख:* किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा मेलेला असला तरी उचलू नका. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत आणि विमानतळावर बॅगा तपासल्या जातात. शंखाच्या वस्तू घ्यायच्याच असतील तर अधिकृत दुकानातून, बिलासह घ्या. मुलांच्या खिशातही एकदा बघा!

*जारवा:* बाराटांगच्या गुहा बघायला जाणारा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो. गाड्या ताफ्याने सोडतात. तिथं थांबणं, फोटो काढणं, खायला देणं, सगळ्याला बंदी आहे. जारवांची संख्या काहीशे आहे. बाहेरच्या माणसाचा साधा आजारही त्यांना जड जाऊ शकतो. कोणी “जारवा दिसतील” असं सांगून सहल विकत असेल तर ती घेऊ नका. ही माणसं आहेत, प्रेक्षणीय स्थळ नाहीत.

तिथला नाताळ कसा असतो?

बहुतेक पर्यटक हॉटेलातलं झाड आणि केक बघून परततात. पण अंदमान-निकोबारचा नाताळ स्थानिकांचा सण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार इथली सुमारे २१ टक्के लोकसंख्या ख्रिस्ती आहे (गोव्यात हे प्रमाण २५ टक्के). निकोबारी समाज बहुसंख्येने ख्रिस्ती आहे. इंग्रजांनी जंगलतोडीच्या कामासाठी छोटा नागपूरहून आणलेले उरांव, मुंडा, खडिया मजूर इथं ‘रांची’ म्हणून ओळखले जातात, त्यांच्यातही ख्रिस्ती मोठ्या संख्येने आहेत. १९२५ पासून ब्रह्मदेशातून आलेले कारेन लोक मायाबंदरजवळ वेबी गावात वसले. २४ च्या रात्री एखाद्या चर्चजवळ असाल तर शांतपणे डोकवायला हरकत नाही, आधी विचारून घ्या.

मराठी घरातल्या मुलांना सेल्युलर जेल दाखवताना तर सांगण्यासारखं खूप आहे. सात इमारतींचा हा तुरुंग १९०६ मध्ये पूर्ण झाला, आज त्यातल्या तीन उभ्या आहेत. विनायक दामोदर सावरकर आणि त्यांचे थोरले बंधू बाबाराव दोघंही इथं कैदी होते. विनायकरावांना १९११ मध्ये आणलं गेलं, ते १९२१ पर्यंत इथं होते.

२६ डिसेंबरची आठवण

२००४ मध्ये नाताळच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्सुनामी आली. अंदमान-निकोबारमध्ये, विशेषतः निकोबारमध्ये, हजारो माणसं गेली. भारताचं सर्वात दक्षिणेचं टोक इंदिरा पॉइंट चार मीटरहून जास्त खचलं. आदल्या रात्री नाताळ साजरा केलेली गावंच्या गावं सकाळी उरली नव्हती.

तेव्हा इशारा देणारी यंत्रणा नव्हती. आता हैदराबादच्या ‘इन्कॉइस’मध्ये २००७ पासून त्सुनामी इशारा केंद्र चालतं. तरी तीन गोष्टी घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. जमीन जोरात किंवा बराच वेळ हलली, समुद्र अचानक मागे हटला किंवा गर्जनेसारखा आवाज आला, तर इशाऱ्याची वाट न बघता उंचावर जा. फोटो काढायला थांबू नका आणि एक लाट ओसरली म्हणून लगेच खाली येऊ नका.

घाबरून जायचं कारण नाही. हॉटेलात पोहोचल्यावर मुलांना घेऊन एक चक्कर मारा आणि उंच जागेकडे जाणारा रस्ता कोणता ते बघून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे. मग निवांत समुद्रावर जा.