गरी, रापण आणि सुट्टी : मालवण किनाऱ्यावरील मत्स्यविनोदाची पूर्वपीठिका

'मासेमारी' या मराठी शब्दाला सुट्टीचा वास नाही. त्यात होडी आहे, जाळे आहे, पहाटेचा लिलाव आहे, कर्ज आहे. परंतु पाण्याकाठी स्वस्थ बसून एका माशाची वाट पाहण्यात घालवलेला रिकामा दिवस त्यात नाही. इंग्रजीने या दोन गोष्टींसाठी दोन वेगळे शब्द पूर्वीच करून ठेवले, आणि त्यातल्या दुसऱ्या शब्दाला आपण अजूनही 'अँगलिंग' असेच म्हणतो. मालवणीत मात्र एक नेमका शब्द आहे : गरवणे. गरी म्हणजे गळ. गरी टाकून मासा धरणे ते गरवणे. 'गरवूक गेलो' असे म्हटले की ऐकणाऱ्याला कळते की हा माणूस होडी घेऊन गेलेला नाही, खडपावर किंवा खाडीच्या काठाला जाऊन बसला आहे, आणि बहुधा आज त्याला दुसरे काम नाही. या शब्दात किंचित कौतुक आणि बरीचशी कुचेष्टा आहे. ही कुचेष्टा कोठून आली, आणि मासे धरण्यासाठी सुट्टी काढून दूर जाण्याची कल्पना मालवणच्या किनाऱ्यावर इतक्या उशिरा का अवतरली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ही कल्पना सर्वस्वी परकी आहे, असे म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. मराठीच्या विद्यार्थ्यांना तो परिचित आहे तो महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात या त्यातील उल्लेखामुळे. वाङ्मयेतिहासाच्या पहिल्या प्रकरणात तेवढा एक संदर्भ येतो आणि ग्रंथ मिटला जातो. तो मिटू नये. त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींच्या वर्णनात 'मत्स्यविनोद' नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, कोणाला कोणते आमिष रुचते, दोरी आणि गळ कसे असावेत, मासा लागल्यावर त्याला खेळवावे कसे, याची त्यात पद्धतशीर चर्चा आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर या अध्यायाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. आयझॅक वॉल्टनचे 'द कम्प्लीट अँगलर' १६५३ चे. म्हणजे सोमेश्वराचा अध्याय त्याच्या पाच शतके आधीचा.

परंतु 'विनोद' हा शब्द येथे नीट वाचावा लागतो. मासा धरणे हा विनोद होतो तो राजाला. त्याला त्या माशाची गरज नाही म्हणूनच तो विनोद आहे. वॉल्टनचा पुस्तकातला गळवाला राजा नाही, पण पोटासाठी मासे मारणाराही नाही. हा फरक पुढच्या सगळ्या इतिहासात टिकून राहतो : हातातले साधन तेच, गळ आणि दोरी, मात्र गळ टाकणाऱ्याच्या घरी चूल कशावर पेटते यावरून त्या क्रियेचे नाव बदलते.

एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अधिकाऱ्याने ही क्रिया रजेशी जोडली. हेन्री सलिव्हन थॉमस हा मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी. आपल्या किनाऱ्याच्या दक्षिणेस असलेल्या दक्षिण कानडा जिल्ह्याचा तो कलेक्टर होता. त्याचे 'द रॉड इन इंडिया' १८७३ मध्ये निघाले आणि हिंदुस्थानात गळ घेऊन हिंडणाऱ्या साहेबांचा तो धर्मग्रंथच झाला. थॉमसने महाशीर या देशी माशाला मोठा मान दिला. तरी घरची ओढ सुटत नाही. स्कॉटलंडच्या थंड ओढ्यांतला ट्राऊट हिंदुस्थानात आणण्याची खटपट अनेकांनी केली. ड्यूक ऑफ बेडफर्डने काश्मीरसाठी १८९९ मध्ये पाठवलेली अंडी वाटेतच मेली. १९०० मध्ये आलेली जगली, आणि फ्रँक मिचेल याच्या देखरेखीखाली ती काश्मीरच्या पाण्यात रुजली. निलगिरी आणि कुलू येथेही विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा मासा स्थिरावला. हा मासा गेला तेथे त्याच्यामागून परवाना, विश्रामगृह, ठरावीक मोसम आणि 'इतकेच मासे धरावेत' असा नियमही गेला. सुट्टीचे नियोजन म्हणून आज आपण ज्याला ओळखतो, त्याचा सांगाडा येथे तयार झाला.

कोकणात हे काही घडणे शक्य नव्हते, आणि कारण अगदी साधे आहे. ट्राऊटला पाणी थंड लागते, विसाच्या आसपास अंश सेल्सियस आणि त्याहून कमी. मालवणचा समुद्र कोमट. खाड्या आणि तळी त्याहून कोमट. साहेबाच्या कल्पनेतला सरोवराकाठचा चिमुकला गाव शोधायचाच तर आपल्याकडे धामापूर आहे. डोंगरांच्या कुशीतला, सन १५३० मध्ये बांधला गेल्याचे सांगितले जाते असा हा तलाव. काठावर भगवतीचे देऊळ. लग्नकार्यासाठी फुलांचे दागिने परडीत घालून तळ्यात सोडावेत, तर देवी तसेच सोन्याचे दागिने वर पाठवी, ही आख्यायिका पंचक्रोशीत सर्वांना ठाऊक आहे. २०२० मध्ये या तलावाला आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाकडून जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान्यता मिळाली. दागिने देणाऱ्या आणि भात पिकवणाऱ्या या पाण्याशी गावाचे नाते मागण्याचे आणि परत करण्याचे आहे. गळ टाकून बसण्याची त्यात फारशी सोय नाही.

मग मालवणकर सुट्टीचे नियोजन करीतच नव्हता काय? करीत होता, आणि अत्यंत काटेकोरपणे करीत होता. पण तो मालवणात नव्हता, मुंबईत होता. गिरणीत, गोदीत, कोणाच्या तरी खानावळीत राबणाऱ्या चाकरमान्याची सुट्टी म्हणजे घरी परतणे. त्याचे वेळापत्रक ठरे ते बोटीवरून. किनाऱ्याने मुंबईहून रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला करीत गोव्यापर्यंत जाणारी आगबोट पावसाळ्याच्या तोंडाला बंद होई आणि भाद्रपदाच्या सुमारास दर्या निवळल्यावर पुन्हा सुरू होई. मालवणला बोट धक्क्याला लागत नसे. खोल पाण्यात उभी राही आणि पडावातून उतारू किनाऱ्यावर आणले जात. ट्रंक, वळकटी, मुले आणि म्हातारी सासू यांच्यासह तो पडाव पकडणे हे साहसच होते. मे महिन्यात गेलेल्याला शेवटच्या बोटीआधी परतावे लागे.

येथे एक गोष्ट ध्यानात येते, जी आम्हाला फार महत्त्वाची वाटते. कोकणातल्या गोड्या पाण्यातल्या मासे धरण्याचा खरा उत्सव असतो तो मृगाच्या पहिल्या दमदार पावसात. ओहोळ-व्हाळ वाहू लागले की मासे प्रवाहाविरुद्ध शेतांकडे चढतात. त्यांनाच चढणीचे मासे म्हणतात. रात्री बत्ती घेऊन, गुडघाभर पाण्यात उभे राहून सारा गाव ते धरतो. हा कामधंदा नव्हे, निखळ विनोद आहे. सोमेश्वराच्या अर्थाने नव्हे, कारण मासा घरी हवाच असतो, पण आनंदाच्या अर्थाने नक्कीच. आणि नेमक्या त्याच वेळी चाकरमानी शेवटच्या बोटीने निघून गेलेला असे. गावच्या मत्स्यविनोदाची सर्वांत उत्तम रात्र त्याच्या सुट्टीत कधी बसलीच नाही. कोकणी माणसाच्या आठवणींत चढणीच्या माशांना जी जवळजवळ हळवी जागा मिळालेली दिसते, तिच्यामागे ही चुकामूक असावी असा आमचा तर्क आहे.

(आमच्यापैकी जे शाकाहारी आहेत, त्यांनी येथवर धीर धरला याबद्दल आभार. पुढेही मासेच आहेत.)

साहित्याकडे वळू. अर्नेस्ट हेमिंग्वेच्या बालपणीचे उन्हाळे उत्तर मिशिगनमधील वॉलून सरोवराच्या काठी गेले. १९२५ सालच्या त्याच्या 'बिग टू-हार्टेड रिव्हर' या कथेत युद्धावरून परतलेला निक ॲडम्स आगगाडीने सीनी या जळून गेलेल्या गावी उतरतो, नदीकाठी तंबू ठोकतो, सकाळी दवाने जडावलेले नाकतोडे आमिषासाठी गोळा करतो, आणि लहान ट्राऊट सोडून देताना आधी हात ओला करून घेतो. कथेत याहून फारसे काही घडत नाही. मासे धरण्याची सुट्टी हाच तेथे उपचार आहे. पुढे १९५२ मध्ये त्याच लेखकाने 'द ओल्ड मॅन अँड द सी' लिहिली. तिच्यातला सांतियागोही हाताने दोरी धरून गळच टाकतो, पण तो सुट्टीवर नाही. चौऱ्याऐंशी दिवस त्याला मासा मिळालेला नाही.

पु. ल. देशपांडे यांनी मराठीत आणला तो हा दुसरा. त्यांनी शीर्षक दिले 'एका कोळियाने'. मूळ शीर्षकात केवळ एक म्हातारा आहे. मराठीत येताच त्याला जात मिळाली, व्यवसाय मिळाला, आणि बालपणीच्या पाठ्यपुस्तकातल्या चिकाटीच्या कोळ्याचा श्लेषही मिळाला. आम्ही हा दोष म्हणून नोंदवत नाही. शीर्षक चतुर आहे. पण ते काहीतरी सांगते. मराठी वाचकाला गळ टाकणारा माणूस दाखवला की तो कोण, कोणाचा, हे आधी सांगावे लागते. निक ॲडम्ससारखा कोणीही-असू-शकणारा गळवाला आपल्या कथेत सहजी आठवत नाही. सिंधुदुर्गाच्या मातीतून आलेले लेखन पाहिले तरी हेच दिसते. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'कोंडुरा' मध्ये समुद्र हे भयाचे आणि गूढाचे स्थान आहे. जयवंत दळवींच्या 'सारे प्रवासी घडीचे' मध्ये गावातली माणसे आणि त्यांचे विक्षिप्तपण आहे. पाण्याकाठी निरुद्देश बसण्याला दोघांकडेही फारसा वाव नाही.

चित्र बदलले ते गेल्या चार दशकांत. १९८१ मध्ये रत्नागिरीपासून सिंधुदुर्ग वेगळा झाला. १९८७ मध्ये मालवणला सागरी अभयारण्य घोषित झाले, आणि स्थानिक मच्छीमारांनी त्याकडे पहिल्यापासून संशयाने पाहिले. १९९७ मध्ये जिल्हा 'पर्यटन जिल्हा' ठरला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. २०२१ मध्ये चिपीला विमानतळही आला. तारकर्ली, देवबाग, दांडी येथील घरांच्या पडव्या न्याहारी-निवास झाल्या. आता मुंबई-पुण्याचा मनुष्य मासे धरण्याची सुट्टी आखू शकतो. आखताना त्याने काय पाहावे? कॅलेंडर, पण सुट्ट्यांचे लाल आकडे नव्हेत, तिथी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अदमासे वेळ निघते : अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढेमागे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. खडपावर गरवायला बसणाऱ्याला हा हिशेब मुखोद्गत असतो. १ जूनपासून दोन महिने यांत्रिक होड्यांना समुद्र बंद. नारळी पौर्णिमेनंतर दर्या खुला होतो, पण नवख्याने ऑक्टोबर उजाडेपर्यंत थांबलेले बरे. आमिषाला कोळंबी किंवा बांगड्याचा तुकडा. तांबोशी, गोबरा लागला तर नशीब.

परंतु पर्यटकाला बहुधा गरी दाखवली जात नाही, रापण दाखवली जाते. किनाऱ्यावरून होडीने अर्धवर्तुळ घालून सोडलेले ते लांबलचक जाळे दोन्ही टोकांनी पाचपन्नास माणसे तासन्‌तास ओढतात. गाबीत समाजाच्या कित्येक पिढ्या या जाळ्यावर जगल्या. रापण एकट्याची कधीच नसते. तिचे वाटे ठरलेले असतात : जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्याचा. वाटेने जाणाऱ्याने हात लावला तर त्याच्याही हाती चार मासे पडतात. पर्यटकाने दोरीला हात लावून छायाचित्र काढून घेणे हे त्या जुन्या रीतीचेच पुढचे रूप आहे, असे कोणी म्हणेल. आम्हाला तसे वाटत नाही. वाटेकऱ्याचा हात दोरीला लागला की भार हलका होई. आता दोरी ओढणारा पाहुण्यासाठी जागा करून देतो.

आणि हे घडते आहे ते रापणीला मासळी लागेनाशी झाल्याच्या काळात. किनाऱ्यालगतचे बांगड्याचे, तारलीचे थवे पर्ससीन जाळ्यांनी रापणीपर्यंत पोहोचण्याआधीच उचलले जातात, ही पारंपरिक मच्छीमारांची तक्रार जुनी आहे. मालवणच्या रस्त्यांवर आणि समुद्रात त्यावरून संघर्षही झाले. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य शासनाने पर्ससीनवर क्षेत्राची आणि महिन्यांची बंधने घातली. बंधने पाळली जात नाहीत, ही तक्रार त्यानंतरही थांबलेली नाही. ज्या रापणकाराच्या मुलाने होडीवर स्कूबाच्या टाक्या चढवल्या, त्याने विनोद स्वीकारला असे नाही. मासा गेला आणि मासा पाहायला येणारा मनुष्य आला, तेव्हा त्याने त्याची सोय केली. पोटाचा प्रश्न जुनाच आहे, फक्त सुट्टी दुसऱ्याची आहे.

या जिल्ह्यात थंड हवेचे एक ठिकाणही आहे. वेंगुर्ला बंदराहून घाटावर जाणाऱ्या वाटेवरचे आंबोली साहेबाच्या डोळ्यांत भरले होते. सुमारे ६९० मीटर उंची, धुके, प्रचंड पाऊस. उटीसारखा ट्राऊट काही तेथे आला नाही. आंबोलीला हिरण्यकेशी उगम पावते तेथे महादेवाचे देऊळ आहे आणि देवळापुढे कुंड आहे. त्या कुंडातल्या बोटभर लांबीच्या, सोनेरी छटेच्या माशाकडे भाविक वर्षानुवर्षे पाहत आले असतील. २०२० मध्ये संशोधकांनी त्याची नवी जात म्हणून नोंद केली आणि नदीवरून त्याचे नाव ठेवले, शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी ते कुंड आणि भोवतालची जमीन मिळून दोन हेक्टरांहून थोडे अधिक क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाले. देवाच्या पाण्यात गरी टाकू नये हे तेथे पूर्वीही कोणाला सांगावे लागत नसे. आता तसा सरकारी फलक आहे.