'या फाइलला हात लावू नका'

२००६ सालची गोष्ट. मामूंचे मस्कतहून येणारे मेल मी थंडरबर्डमध्ये उतरवून घ्यायचो. खातं पॉप पद्धतीचं होतं, म्हणजे मेल एकदा आपल्या कॉम्प्युटरवर आला की सर्व्हरवरून पुसला जायचा. दोन-तीन वर्षांची खबरबात, नानींचं आजारपण, एका निकाहची सगळी बोलणी त्या एका यंत्रात होती. मला यादीतलं एक जुनं खातं काढायचं होतं. मेनूतून ते निघालं असतं. पण नवं शिकलेल्याला मेनू पुरत नाही. मी सेटिंगची फाइल नोटपॅडमध्ये उघडली. सुरुवातीलाच इंग्रजीत ताकीद होती : ही फाइल संपादित करू नका.

पहिल्या खेपेला थंडरबर्ड चालूच होता. तो बंद करताना त्याने आपली प्रत फाइलवर लिहिली आणि माझा बदल गेला. दुसऱ्या खेपेला मी तो बंद करून काम केलं, पण एक अवतरणचिन्ह राहून गेलं. पुन्हा सुरू केल्यावर समोर नवं खातं उघडण्याचा फॉर्म आला, जणू हा माणूस आजच पहिल्यांदा आलाय. मामूंचा एकही मेल दिसेना.

ती ताकीद तिथे कुणी आणि का लिहिली, हे मी नंतर शोधत बसलो. त्यातून एक छोटा इतिहास हाती लागला.

सुरुवातीला अशी ताकीद नव्हती. १९९३मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मोझॅक ब्राउजर तयार झाला. त्याच्या विंडोज आवृत्तीच्या सेटिंग मोझॅक.आयएनआय नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असत. आपला ईमेल पत्ता, सुरुवातीचं पान वापरणाऱ्याने त्यात हाताने लिहायचं. त्याच विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८मध्ये यूडोरा हा मेल प्रोग्राम लिहिला होता. (नाव लेखिका यूडोरा वेल्टी यांच्यावरून, त्यांची पोस्ट ऑफिसात राहायला गेलेल्या बाईची कथा डॉर्नर यांच्या मनात होती.) यूडोराच्या विंडोज आवृत्तीतही अशीच एक आयएनआय फाइल होती आणि मेनूत नसलेल्या कितीतरी गोष्टी तिच्यात बदलता येत. फाइल माणसाची होती.

नेटस्केपने हे नातं उलटवलं. ब्रेंडन आइक यांनी १९९५मध्ये तिथे जावास्क्रिप्ट भाषा तयार केली आणि १९९७च्या कम्युनिकेटरमध्ये सेटिंगची फाइलच त्या भाषेच्या धाटणीत लिहिली जाऊ लागली. नाव प्रेफ्स.जेएस. वर सूचना, की ही फाइल प्रोग्रामने बनवलेली आहे, तिच्यात फेरफार करू नका. आता लेखणी प्रोग्रामच्या हातात होती. सुरू होताना तो फाइल वाचून सगळं स्मरणात ठेवतो, आणि नंतर स्मरणात जे आहे तेच पुन्हा फाइलवर उतरवतो. मधल्या काळात आपण केलेली खाडाखोड त्याला ठाऊकच नसते. ३१ मार्च १९९८ रोजी नेटस्केपचा कोड खुला झाला, त्यातून मोझिला उभी राहिली आणि २००४च्या अखेरीस फायरफॉक्स व थंडरबर्डच्या पहिल्या पूर्ण आवृत्त्या आल्या. ही पद्धत जशीच्या तशी वारशात मिळाली.

माझी खाती का गेली, याचं उत्तर त्या फाइलच्या वाचनात आहे. ओळी वर्णक्रमाने लावलेल्या असतात. जुना वाचक चुकलेल्या ओळीपाशी थांबायचा; तिथून शेवटपर्यंतच्या सगळ्या सेटिंग बाद. खात्यांच्या यादीची ओळ मी बिघडवली आणि तिच्या खालच्या सर्व्हरच्या, ओळखीच्या ओळीही गेल्या. त्यावर कडी म्हणजे बंद होताना प्रोग्रामने ही अपुरी माहिती फाइलवर लिहून टाकली. पुढच्या आवृत्त्यांत बिघडलेल्या फाइलची एक प्रत आधी बाजूला ठेवण्याची सोय झाली. २०१८च्या फायरफॉक्स ६०मध्ये तर फाइल वाचणारा भागच रस्ट भाषेत नव्याने लिहिला गेला. तो चुकलेली ओळ सोडून पुढे वाचत राहतो. म्हणजे ही ठेच लागलेला मी एकटा नव्हतो.

मग हाताने लिहायचंच असेल तर? त्यासाठी यूजर.जेएस नावाची वेगळी फाइल आहे. ती आपण बनवायची, प्रोग्राम तिच्यात कधीच लिहीत नाही. सुरू होताना आधी प्रेफ्स.जेएस, मग ही वाचली जाते आणि हिच्यातलं मूल्य वरचढ ठरतं. मदरशातली जुनी हस्तलिखितं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. मधोमध मूळ मजकूर, म्हणजे मत्न, आणि कडेला हाशिया. शिकवणाऱ्या मौलवींना जे म्हणायचं ते हाशियात लिहीत, मत्नाला हात लावत नसत.

साम्य इथेच संपतं, आणि बरेचजण इथेच फसतात. यूजर.जेएसमधलं मूल्य प्रेफ्स.जेएसमध्ये उतरतं. नंतर तुम्ही आपली ओळ पुसली तरी ते तिथे राहतंच. ते मूळपदावर न्यायचं तर अबाउट:कॉन्फिग उघडून तिथे 'रीसेट' करावं लागतं.

हे अबाउट:कॉन्फिग म्हणजे फाइल न उघडता सेटिंग बदलण्याचं पान. प्रोग्राम चालू असताना त्याच्याच हातून बदल होतो, म्हणून अवतरणचिन्ह सुटण्याची भीती नाही. मूल्य चुकीचं देण्याची मात्र आहेच. २००८च्या फायरफॉक्स ३मध्ये या पानाच्या दारात एक इशारा बसवला : यामुळे तुमची वॉरंटी रद्द होऊ शकते! फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामला कसली आली वॉरंटी? खाली बटण होतं, 'मी जपून राहीन, वचन देतो!' पुढे ही थट्टा गेली आणि धोका स्वीकारण्याचं कोरडं वाक्य आलं. मला जुनंच आवडायचं. कोरड्या वाक्यावर माणूस न वाचताच बोट दाबतो.

मामूंचे मेल गेले नव्हते. सेटिंगच्या फाइलमध्ये मेल नसतात, ते कुठल्या फोल्डरात आहेत एवढाच पत्ता असतो. मेल त्याच प्रोफाइलमधल्या मेल नावाच्या फोल्डरात शाबूत होते. मात्र प्रोफाइलच्या नावात आठ अक्षरांची अर्थहीन जुळणी असते, बाहेरच्या कुणाला जागेचा अंदाज येऊ नये म्हणून मुद्दाम ठेवलेली. त्यामुळे ते शोधण्यात माझी अर्धी रात्र गेली. सापडल्यावर आधी सगळं प्रोफाइल एका सीडीवर उतरवलं. मग नवं खातं उघडलं आणि त्याच्या सेटिंगमध्ये, मेनूतूनच, जुन्या फोल्डरचा पत्ता दिला.

थंडरबर्ड बंद करून पुन्हा उघडला. डाव्या बाजूला इनबॉक्स होता, आणि त्यात सर्वांत वर मामूंचा शेवटचा मेल : नानींना डॉक्टरांनी काय सांगितलं, लवकर कळव.