रिमची भोकं आणि एक जुना संशय

मेहकरात आपल्या लहानपणी सायकलचं वजन कोणी विचारत नसे. सायकलवर किती वजन नेता येतं, हे विचारत. दुधाच्या कॅन, ज्वारीचं पोतं, दळणाचा डबा, मागे कॅरियरवर बायको आणि पुढे दांडीवर पोरगं. हीरो, ॲटलसच्या त्या काळ्या सायकली वीस किलोच्या आसपास भरत, आणि त्या तशाच असाव्यात असं सगळ्यांना वाटे. म्हणून १९९५-९६ साली, आपल्या दहावीच्या वर्षी, क्रीडा सप्ताहातल्या शर्यतीसाठी एका वर्गमित्राने सायकल हलकी करायला दोन्ही रिमना भोकं पाडली, तेव्हा ती बातमी मधली सुट्टी संपायच्या आत सगळ्या तुकड्यांत पोचली. त्याचं नाव लिहीत नाही. ही स्मरणिका त्याच्या मुलांच्याही हाती पडणार आहे.

गेल्या वर्षी आपल्या ग्रुपवर हा विषय पुन्हा निघाला आणि दोन दिवस चालला. संपादक मंडळाने मला 'इतिहासावर काहीतरी लिही' असं सांगितलं, तेव्हा मी हाच इतिहास घ्यायचं ठरवलं. शिवकालावर लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत.

आपल्या मित्राला ही कल्पना कुठून सुचली ते तो सांगत नाही, पण त्याच्या आधी ती फार मोठ्या माणसांना सुचली होती. २५ ऑक्टोबर १९७२ रोजी बेल्जियमचा एडी मर्क्स मेक्सिको सिटीच्या ट्रॅकवर उतरला. एका तासात जास्तीत जास्त किती अंतर कापता येतं, एवढाच प्रश्न. (तासावर भाड्याने मिळणाऱ्या सायकलवर आपण सगळ्यांनीच या प्रश्नाचा अभ्यास केलेला आहे.) त्याची सायकल इटलीच्या एर्नेस्तो कोलनागोने बांधलेली, वजन पावणेसहा किलोच्या आसपास. त्यासाठी हँडलला भोकं, चेनच्या कड्यांनाही भोकं. मर्क्सने ४९.४३१ किलोमीटर कापले. त्या दशकात सायकलवाल्यांमध्ये याची साथच पसरली. ब्रेकचे लिव्हर, पायडलजवळचं दातेरी चक्र, जिथे ड्रिल पोचेल तिथे भोकं. या प्रकाराला 'ड्रिलियम' असं गमतीचं नाव पडलं, जणू ॲल्युमिनियमसारखा तो एक नवा धातूच! पुढे कंपन्या स्वतःच भोकं पाडलेले भाग विकू लागल्या.

खरं तर त्या दिवशी भोकांपेक्षा हवेने जास्त काम केलं. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवर आहे, तिथली हवा विरळ. सपाट ट्रॅकवर एकदा वेग घेतला की वजन फारसं नडत नाही, झगडा उरतो तो वाऱ्याशी. २००० साली ख्रिस बोर्डमनने मँचेस्टरमध्ये मर्क्सच्या काळासारख्या साध्या सायकलवर ४९.४४१ किलोमीटर कापले. अठ्ठावीस वर्षांनी फक्त दहा मीटर जास्त! वजन नडतं ते चढावर. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिल्यांदा चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणून वेगळा मान मिळतो तो उगाच नाही.

वजन आणखी एका वेळी नडतं, वेग घेताना. आणि इथे आपल्या मित्राचं विज्ञान पक्कं होतं. रिम पुढेही जाते आणि गोलही फिरते, म्हणून वेग घेताना रिमवरचा एक ग्रॅम फ्रेमवरच्या दोन ग्रॅमएवढा भारी पडतो. कमी करायचंच तर रिमवरून करावं, हे बरोबर. पण भोकातून निघतं किती? पुढे ३२ आणि मागे ४० तारा, दर दोन तारांमध्ये एक भोक, म्हणजे एकूण ७२. भोक सहा मिलिमीटरचं आणि पोलादी पत्रा एक मिलिमीटरचा धरला, तर एका भोकातून पाव ग्रॅमही निघत नाही. सगळी मिळून सोळा ग्रॅम. शर्यतीआधी तो पेलाभर पाणी प्यायला असेल तर त्याचं वजन दोनशे ग्रॅम. तो आणि सायकल मिळून साठ-पासष्ट किलो. पंचवीस मिनिटांची शर्यत सगळी चढाची धरली तरी सोळा ग्रॅमने अर्धा सेकंदही वाचत नाही. मडगार्ड, कॅरियर आणि स्टँड काढला असता तर दोनेक किलो गेले असते. पण सायकल वडिलांची होती. मडगार्ड काढलेलं घरी दिसलं असतं, भोकं दिसली नसती.

आता शर्यतीकडे येते. डोणगाव रस्त्यावर पाच किलोमीटर जाऊन परत. परतताना तो सगळ्यांच्या पुढे होता आणि शाळा दोन किलोमीटरवर असताना त्याचं मागचं चाक बसलं. शर्यत सुरू व्हायच्या आधी त्याच्या सायकलजवळ आपला दुसरा एक वर्गमित्र उभा दिसला होता आणि शेवटी पहिला आला तोच. मग टाचणी मारली, खिळा मारला, काय काय बोललं गेलं. चौथीपासून एका बाकावर बसणारे ते दोघं त्यानंतर बोलले नाहीत. निरोप समारंभाच्या फोटोत ते दोन टोकांना उभे आहेत, पाहा.

त्या संध्याकाळी मी सायकलच्या दुकानात हवा भरायला गेले होते. तोही तिथेच होता. मिस्त्रींनी मागची ट्यूब काढून पाण्याच्या घमेल्यात फिरवली. बुडबुडे आले ते रिमला टेकणाऱ्या बाजूने. टायरकडच्या बाजूला एकही नाही. मिस्त्रींनी टायर आतून-बाहेरून चाचपला, त्यात काही नव्हतं. मग रिममध्ये बोट फिरवलं तर बोटातून रक्त आलं. "अबे, चाकाची चाळणी काहून केली तू?" एवढंच ते म्हणाले. त्यावर आपला मित्र म्हणाला की टाचणी टोचून नंतर गळून पडली असेल. गेल्या वर्षी ग्रुपवरही त्याने हेच लिहिलं.

म्हणून हे सविस्तर लिहिते. टाचणी, खिळा, बाभळीचा काटा, काहीही असो, ते टायरमधूनच ट्यूबपर्यंत जाणार. त्याचं छिद्र आधी टायरकडच्या बाजूला पडेल. तिथे छिद्र नव्हतं. उलट, ड्रिल आरपार गेलं की पलीकडच्या अंगाला धातूची धारदार कड उठते. त्याने ड्रिल तारांच्या बाजूने लावलं, म्हणजे कड उठली ती ट्यूबच्या बाजूला, आणि कानशीने ती घासली नाही. टायरमधला दाब दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो धरला, तर सहा मिलिमीटरच्या प्रत्येक भोकावर ट्यूब एक किलोच्या जोराने दाबली जाते. मध्ये फक्त एक जुनी रबरी पट्टी. दर खड्ड्याला ट्यूब त्या धारेवर थोडी घासणार. डोणगाव रस्त्याचे तेव्हाचे खड्डे आठवत असतीलच. आठ किलोमीटर ती टिकली याचंच मला नवल वाटतं. त्या दिवशी कोणी कोणाच्या सायकलला हात लावला नव्हता.

रिम मात्र तुटली नाही. पत्रा ताणला तर त्यातल्या गोल भोकाच्या काठावर ताण तिप्पट होतो, हे गुस्ताव किर्श या जर्मन अभियंत्याने १८९८ मध्ये गणिताने दाखवलं होतं. आम्हाला ते इंजिनियरिंगला शिकवलं, तेव्हा मला वर्गात एकदम मिस्त्री आठवले. जुन्या काळ्या सायकलचं पोलाद दणकट, म्हणून निभावलं.

रिम हलकी करण्याचे शहाणे मार्ग वेगळे निघाले. फ्रान्सच्या माविक कंपनीने १९३४ मध्ये ड्युरॅल्युमिन या हलक्या मिश्रधातूची रिम केली. अशा रिमला तेव्हा शर्यतीत परवानगी नव्हती, म्हणून तिला लाकडाचा रंग देऊन आंतोनँ मान्यने तिच्यावर त्या वर्षीची टूर दी फ्रान्स जिंकली, असं ती कंपनीच सांगते. (लबाडी तिथेही होतीच.) बांबूसारख्या आतून पोकळ रिमही आल्या.

आणि भोकांची रिमसुद्धा अखेर खरी ठरली, पण बर्फात. अलास्काच्या शर्यतींत चाक बर्फात रुतू नये म्हणून लोकांनी दोन रिम शेजारी-शेजारी जोडून एक रुंद रिम करून पाहिली. त्यातूनच आजच्या जाड टायरच्या फॅट बाइक आल्या. त्यांची रिम इतकी रुंद की मधला धातू काढला तरी चालतो. टायरमधला दाब आपल्या सायकलच्या दाबाचा छोटासा हिस्सा, ब्रेक डिस्कचे म्हणून रिमवर घासत नाहीत, आणि भोकांवर आतून मजबूत कापडी पट्टी. कारखान्यातूनच मोठमोठी भोकं पाडून येतात आणि त्यांतून पट्टीचा लाल नाहीतर पोपटी रंग दिसतो. पुण्यात आमच्या सोसायटीत एका मुलाकडे तशी सायकल आहे. त्याला विचारून मी एका भोकाच्या काठावरून बोट फिरवून पाहिलं. काठ गुळगुळीत होता.