सागाच्या नंदीपासून मिगच्या प्रतिकृतीपर्यंत

पोळा आटोपला की दुसऱ्या दिवशी विदर्भातील गावोगावी तान्हा पोळा भरतो आणि मुले चाकांवर बसविलेले लाकडी नंदी दोरीने ओढीत घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत हिंडतात. नागपूरकर दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांनी ही प्रथा मुलांसाठी सुरू केली, अशी परंपरा आहे. त्यांच्याच काळात १८०३ च्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला, निजाम व भोसले यांची दुअमली संपली, महसुलाचे हिशेब दुसऱ्या दप्तरात गेले. परंतु नदीच्या दोन्ही काठांवर, पलीकडे हिंगणघाटास आणि अलीकडे आमच्या राळेगावास, तान्हा पोळा आजही सारख्याच हौसेने भरतो.

लढाऊ जेट विमानांच्या प्रतिकृतींचा इतिहास सांगताना प्रारंभ नंदीपासून करण्यास सबळ कारण आहे. साग आणि शिवण यांच्या या मुलुखात, ज्या बैलावर घराची शेती चालते तोच बैल सुताराच्या पटाशीतून वीतभर होऊन आपल्या मुठीत येतो, हा अनुभव येथील मुलाला अक्षरओळखीच्या आधी मिळालेला असतो. या नंदीला प्रमाण मात्र नसते. त्याचे शिंग कारागिराच्या मनास येईल तेवढे उंच असते आणि ते तसेच शोभते. विमानाच्या प्रतिकृतीस ही मोकळीक नाही. तिचे सर्व मोल प्रमाणात आहे, आणि हे प्रमाण ठरले त्यामागे केवळ हौस नव्हती.

इंग्लंडमध्ये १९३२ साली स्कायबर्ड्स या नावाने विमानांचे लाकडी संच निघाले, त्यांनी एकास बहात्तर हे प्रमाण धरले. सहा फुटांचा इंच झाला म्हणजे उभा मनुष्य इंचभर उंचीचा होतो, आणि फुटांत मोजलेले विमान पट्टीवर सहज उतरते. १९३६ साली फ्रॉग पेंग्विन या नावाने प्लास्टिकचे पहिले संच आले, तेही याच मापाचे. मग महायुद्ध आले, आणि आकाशातील विमान आपले की शत्रूचे हे क्षणार्धात ओळखणे हा जीवनमरणाचा प्रश्न झाला. १९४२ च्या प्रारंभी अमेरिकेच्या नौदलाने देशभरच्या शाळांकडे पाच लाख लाकडी प्रतिकृतींची मागणी केली, तीही एकास बहात्तर याच प्रमाणात. कारण अशी प्रतिकृती पस्तीस फुटांवर धरली की ती सुमारे अर्ध्या मैलावरील खऱ्या विमानाएवढी दिसते, आणि टेहळणी करणाऱ्याची दृष्टी खोलीतल्या खोलीत तयार होते. शाळकरी मुलांनी कानशीने घासलेले ते ओंडके युद्धसामग्रीचाच भाग होते. आज कपाटात मांडलेल्या विमानांची वंशावळ येथवर पोचते, हे ध्यानात घेतले म्हणजे या छंदास पोरखेळ म्हणण्याचे धाडस होत नाही.

आपल्याकडे जेट युग १९४८ च्या नोव्हेंबरात आले, तेव्हा पहिली व्हॅम्पायर विमाने भारतीय वायुसेनेत दाखल झाली. पाठोपाठ १ एप्रिल १९५० रोजी राष्ट्रीय छात्रसेनेची हवाई शाखा मुंबई व कलकत्ता येथे एकेका तुकडीने सुरू झाली, कालांतराने नागपुरासही आली, आणि विमानांच्या प्रतिकृती घडविणे हा तिच्या शिक्षणक्रमाचा भाग होऊन बसला. परदेशी प्लास्टिकचे संच त्या परवान्याच्या काळात आपल्या बाजारात मोकळेपणी येत नसत. आयातीवरील संख्यात्मक निर्बंध पूर्णपणे उठण्यास २००१ साल उजाडावे लागले. त्यामुळे ज्याला विमान हवे त्याने ते लाकडातून काढावे, हाच दीर्घकाळ रिवाज राहिला, आणि माझ्या मते त्यात नुकसानीपेक्षा लाभ अधिक झाला.

मिग-२१ चेच पाहा. याच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, म्हणजे आपल्या प्रमाणात जेमतेम दहा सेंटिमीटर, आणि नाकावरील लांब सळईसह एकूण लांबी सुमारे बावीस सेंटिमीटर. शिवणीचा सरळ रेषांचा ठोकळा घ्यावा, त्याच्या एका अंगावर बाजूचे आणि दुसऱ्या अंगावर वरचे रेखांकन उतरवावे, करवतीने दोन्ही बाजू कापून घ्याव्यात, आणि कडा पटाशीने मारून कानस व काचकागद यांनी धड गोलवावे. नाकाशी हवा आत घेणारे तोंड गिरमिटाने पोखरताना काठ फुटू द्यायचा नसतो, कारण त्या पोकळीच्या मध्यभागी जो शंकू बसतो त्याभोवतीची फट सर्वत्र सारखी राहिली तरच हे मिग दिसते. पंखांची पुढील कड ५७ अंशांनी मागे झुकलेली; तो कोन दोन अंशांनी चुकला तरी जाणत्याची नजर तेथेच अडते. पंख लाकडाचा केला तर टोकाशी तो कागदाएवढा पातळ होऊन रेषेवर मोडतो, म्हणून पत्र्याचा कापून धडातील खाचेत बसवावा. प्लास्टिकच्या संचात हे सर्व साच्यातून तयार मिळते. तेथे कौशल्य सांधे मिटविण्यात, रंग पातळ फवारण्यात आणि पाण्यात भिजवून सोडविलेली चिन्हे सुरकुती न पडता बसविण्यात लागते. त्यालाही मी कमी लेखत नाही. परंतु ज्याने ठोकळ्यातून विमान काढले त्याला त्याची प्रत्येक वळणरेषा कशासाठी आहे हे विचारावे लागते, आणि ज्याने केवळ डिंक लावला त्याला बहुधा लागत नाही.

हे मिग महाराष्ट्राचे आप्तच आहे. १९६० नंतरच्या दशकात सोव्हिएत सहकार्याने याचे उत्पादन येथे सुरू झाले तेव्हा इंजिनांसाठी कोरापुट, इलेक्ट्रॉनिक यंत्रणांसाठी हैदराबाद आणि विमानाच्या सांगाड्यासाठी नाशिकजवळचे ओझर अशी वाटणी झाली. सहाशेंहून अधिक मिग-२१ भारतात बांधली गेली; पुढे ओझरनेच मिग-२७ आणि सुखोई-३० बांधली. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाऊसवर मिग-२१ नी जो हल्ला चढविला, त्यात पंखांखाली ५७ मिलिमीटर रॉकेटांच्या नळ्या होत्या. आणि एरवी उघड्या धातूच्या रंगात चकाकणारी ही विमाने त्या युद्धात ठिकठिकाणच्या तळांवर घाईने हिरव्या-तपकिरी छटांनी रंगविली गेली होती. संग्राहकाने एक विमान चंदेरी आणि दुसरे रंगविलेले ठेवले, दुसऱ्याला त्या नळ्या लावल्या आणि तळाशी तुकडीचा क्रमांक व साल लिहिले, की बखरीचे एक पान त्याच्या कपाटात उभे राहते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ ची सेवा समाप्त झाली. मिग-२७ तर २०१९ च्या डिसेंबरातच निवृत्त झाले होते. सेवेतून काढलेली यंत्रे बहुतांशी भंगारात जातात, थोडी चौथऱ्यांवर चढतात, आणि कोणत्या वर्षी त्यांच्या अंगावर काय होते याची नोंद पुष्कळदा हौशी माणसांच्या फळ्यांवरच टिकते. म्हणून संग्रह रंगरूपाने न मांडता विमाने सेवेत दाखल झाली त्या क्रमाने मांडावा, असा माझा आग्रह आहे : व्हॅम्पायर, तूफानी, मिस्टेअर, हंटर, नॅट, आणि तेथून पुढे.

त्या रांगेत नॅट विशेष कष्ट देते. १९६५ च्या युद्धात सेबर विमानांशी झुंजलेले हे एकासनी विमान एकास बहात्तर प्रमाणात केवळ बारा सेंटिमीटर भरते. ब्रिटनमध्ये मात्र हवाई कसरतींच्या रेड अ‍ॅरोज पथकामुळे त्याचे दोन आसनांचे शिक्षणरूप लोकप्रिय झाले आणि संचही त्याचेच अधिक विकले गेले. त्याचे धड लांब, पंख मोठे. त्यावर केशरी, पांढरे आणि मध्यभागी हिरवे असे आपले चक्रचिन्ह चिकटविल्याने ते आपले नॅट होत नाही. जकातखात्याला असा भेद दिसत नाही. त्याच्या दरपत्रकात खेळणे आणि प्रमाणबद्ध प्रतिकृती एकाच शीर्षाखाली आहेत, आणि २०२० साली खेळण्यांवरील आयात शुल्क वीस टक्क्यांवरून साठ टक्के व २०२३ साली सत्तर टक्के झाले, त्याचा भार अभ्यासासाठी संच मागविणाऱ्या विद्यार्थ्यावरही तसाच पडला.

या महागाईत लाकडाकडे परतण्याची वेळ आली आहे, आणि परतायचे तर मरुतसाठी परतावे. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली बंगलोरात आखलेले आणि १९६१ साली प्रथम उडालेले हे भारतातच आखून घडविलेले पहिले जेट लढाऊ विमान; १४७ बांधली गेली, १९७१ ला लढली, आणि तरीही एअरफिक्स किंवा तामिया यांच्यासारख्या कारखान्यांनी त्याचा साचा कधी पाडला नाही. एक मरुत मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात उभे आहे. तेथे भोवती फिरून निरनिराळ्या कोनांतून छायाचित्रे घ्यावीत. लांबी १५.८७ मीटर, म्हणजे बावीस सेंटिमीटरांचा ठोकळा. तेवढा साग राळेगावात नंदी घडविणाऱ्या सुताराच्या भुशाशेजारी तुकड्यांत पडलेला असतो. कठीण भाग म्हणजे त्याची कंबर. ध्वनिवेगाजवळचा वायुरोध कमी व्हावा यासाठी पंखांपाशी धड आत घेतलेले आहे, आणि ते आवळणे इतके हळुवार आहे की डोळ्याच्या अंदाजाने लाकूड नेहमी जास्तच निघते. यासाठी धडाचे आडवे छेद आधी पुठ्ठ्यावर कापून घ्यावेत, प्रत्येक छेद त्याच्या जागी लावून पाहावा, आणि पटाशी बाजूला ठेवून तेवढा भाग गोल कानशीनेच उतरवावा.